तेलरंग

आयर्विनखाली पाणी किती,
हे आमच्या सांगलीत तब्येतीसारखं विचारतात.
उत्तर फुटात येतं.
त्यावरून कळतं कुणी गाद्या माळ्यावर टाकायच्या,
कुणी म्हशी सोडायच्या,
आणि कुणी नुसतं गच्चीत जाऊन बघायचं.

मी सुकुमार मगदूम. बोर्ड रंगवतो,
म्हणजे रंगवायचो; फ्लेक्स आल्यापासून भिंतीच.
पूर ओसरला की बोलावणं येतं,
पाण्याची खूण मारायला:
एक बाण, एक साल, एक आडवी रेघ.
रंग त्यांचा, शिडी माझी.

रुक्साना शिकलगारच्या घरात रेघ आली
फळीच्या वर, घड्याळाच्या वर,
लाइट बिलं टोचलेल्या खिळ्याच्याही वर.
ती म्हणाली, "दरवेळी आमच्याच भिंतीला का, भाऊ?
पाणी जिथनं वळून आलं तिथं मारा की."

वळून आलं होतं ओतावरनं.
ओत म्हणजे नदीची हातपाय पसरायची जागा.
तिथं लव्हाळा होता, बेडकं होती,
पावसाळ्यात तिकडं कोण फिरकायचं नाही.
मग रात्रीचे डंपर आले. मुरूम पडला.
मग पाच मजले.
कुंपणावरचं 'निसर्गाच्या कुशीत'
हे अक्षर माझंच आहे.
'श'च्या पोटात एक पान काढलं होतं मी,
फुकट.

बायकांनी नऊ निवेदनं दिली.
नऊ पोचपावत्या माळण वायदंडेच्या पिशवीत;
पूर चढला तेव्हा तिनं आधी ती गळ्यात बांधली,
मग शेळी सोडली.
निवेदनात ब्लँकेटं मागितली नव्हती.
लिहिलं होतं: नदीला काँक्रीटची भिंत नको.
ओत मोकळे करा.
काठाला करंज, उंबर, वाळुंज लावा,
लावायची आणि जगवायची मजुरी आम्हाला द्या.
ज्यांना उठवणार त्यांना माळावर फेकू नका,
शाळेची घंटा ऐकू येईल इतक्यात घर द्या.

साहेब चांगले होते. चहा सांगितला.
म्हणाले, "भिंतीला निधी आलाय, झाडांचं हेड नाही."
माळण म्हणाली, "भिंत घातल्यावर पाणी कुणाच्यात जाणार?"
साहेबांनी नकाशा उघडला.
निळी पूररेषा छान वळत येत होती,
त्या पाच मजल्यांपाशी थांबत होती,
आणि पलीकडनं पुन्हा सुरू,
जशी काय नदी तिथं दम खायला बसली.

माझा धंदाच रेघांचा.
हात उचलल्याशिवाय रेघ अशी तुटत नाही.

रविवारी भर दुपारी आम्ही नळी लावली,
गवंडी लेव्हल बघतात ती, पारदर्शक, पाण्यानं भरलेली.
एक टोक रुक्सानाच्या रेघेला,
दुसरं घेऊन पुढच्या घराला,
तिथनं पुढच्या,
गल्ली, गिरणी, मशिदीची भिंत, समाजमंदिर,
प्रत्येक ठिकाणी खडूची खूण.
वॉचमननं अडवलं, मग नळीच हातात धरली.
बुडबुडा राहू नये म्हणून पोरं झटकत होती.

पाणी टेकलं पार्किंगच्या छताखाली, वीतभर.
मी ब्रश बुडवला.

वरच्या गॅलरीतनं एक बाई उतरल्या,
गाऊनवर ओढणी, हात पिठाचे.
टाच उंचावून बघितलं, हात पोचला नाही.
"आमची गाडी इथं असते," म्हणाल्या.
मग बराच वेळ काहीच नाही.
मग, "कर्ज वीस वर्षांचं आहे. आम्हाला कुणी सांगितलंच नाही."
रुक्सानानं पेन पुढं केलं.
दहाव्या निवेदनावर खाली कोपऱ्यात
कणकेचा एक ठसा आहे, तो त्यांचा.

बिल्डरनं परवा रेघेवर डिस्टेंपर मारून घेतलं.
मला विचारलं असतं तर सांगितलं असतं,
तेलरंगावर डिस्टेंपर धरत नाही.
एक उन्हाळा जाऊ द्या,
पोपडे आपोआप सुटतात.

आम्ही तेवढं थांबणार नाही म्हणा.
उद्या सोमवार. आवक-जावकची खिडकी साडेदहाला उघडते.
माळणनं नळी गुंडाळून घेतली आहे.
नकाशावर कुठनं धरायची,
ते साहेबांना विचारायचं आहे.